1 मे 1933 : रत्नागिरीतल्या एका हॉटेलची गोष्ट

मंडळी, आपण रत्नागिरीकर खाण्यावरून फार भांडतो. मिसळ कुठली चांगली, वडा कुणाचा, सुरमई ताजी कोण देतो आणि बर्फातली कोण, सोलकढीत पाणी कोण ओततो, यावर आपण तासभर वाद घालू शकतो. काळ्या वाटाण्याच्या उसळीसोबत आंबोळी हवी की घावणे, यावरून तर सख्खे भाऊ अबोला धरतील. मी इथे एकाही हॉटेलचं नाव घेणार नाही, कारण एकाचं घेतलं की दुसऱ्याची गिऱ्हाइकं माझं मटण करतील.

पण एक गोष्ट आपल्या लक्षातच येत नाही. आपण हॉटेलात शिरतो, रिकामी खुर्ची दिसली की बसतो, समोर कोण अनोळखी जेवतोय याचा विचार करत नाही. वेटर येतो आणि विचारतो, "काय घेणार?" "तुम्ही कोण?" असं तो विचारत नाही. ज्या ताटात सकाळी दुसरं कुणी जेवलं, त्याच ताटात दुपारी आपण जेवतो. यात काही विशेष आहे असं आपल्याला वाटतसुद्धा नाही.

शंभर वर्षांपूर्वी याच गावात हे जवळजवळ अशक्य होतं. ते शक्य व्हावं म्हणून जे प्रयत्न झाले, त्यातला एक महत्त्वाचा प्रयत्न आपल्याच रत्नागिरीत, एका साध्या चहाच्या हॉटेलात झाला. आज त्याबद्दल लिहितो. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

बाहेर खाणं ही चैन नव्हती

आज 'चला, बाहेर जेवू' म्हटलं की घरात आनंद होतो. आपल्या पणज्याच्या काळात बाहेर जेवावं लागणं हे संकट होतं. प्रवासाला निघालेला माणूस शिदोरी बांधून निघायचा. सोवळं पाळणाऱ्या घरांत तर पाण्यात भिजवलेल्या पिठाची पोळी-भाकरी प्रवासात चालत नसे, दुधात भिजवलेल्या दशम्या चालत. दशमी हा आज आपल्याला आवडीचा पदार्थ वाटतो, पण प्रवासात ती बरोबर असायची त्यामागे विटाळाचा हिशेब होता. लांबचा मुक्काम असला तर धर्मशाळेत उतरायचं, तीन दगडांची चूल मांडायची आणि आपल्या हातानं शिजवायचं. दुसऱ्याच्या हातचं खायचं तर तो आपल्या जातीचा किंवा वरच्या जातीचा हवा.

पुढे शहरांत खानावळी आणि चहाची दुकानं निघाली तेव्हा हा हिशेब त्यांच्या पाटीवर जाऊन बसला. 'ब्राह्मणांची खानावळ' अशा पाट्या लागत. पाटीवर 'हिंदू' लिहिलेलं असलं तरी त्यात सगळे हिंदू धरलेले नसत. अस्पृश्य मानलेल्या माणसाला आत जागा नव्हती. तो बाहेर उभा राहायचा. चहा त्याला वरून ओतून मिळायचा, कुठे करवंटीत, कुठे बाहेर वेगळ्या ठेवलेल्या कपात. तो कप त्यानं स्वतः धुवून परत ठेवायचा. पैसे मात्र तेवढेच.

हे एवढं सविस्तर सांगतोय कारण 'पूर्वी कसं घरगुती, साधं, सात्त्विक होतं' असं आपण सहज म्हणून जातो. पूर्वीचं ते साधं ताट सगळ्यांसाठी नव्हतं.

एका चहानं पुणं हादरलं

चहा हा पदार्थ आपल्याकडे उशिरा आला, आणि आला तोच भांडण घेऊन. 1890 मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाला शहरातली प्रतिष्ठित मंडळी गेली होती. न्यायमूर्ती रानडे होते आणि लोकमान्य टिळकही होते. म्हणजे 1856 साली रत्नागिरीत जन्मलेले आपलेच टिळक. व्याख्यानानंतर पाद्र्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी घेतला, कुणी नुसता हातात धरला.

नंतर गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशींच्या पतींनी, हजर असलेल्यांची नावं छापून आणली. मग काय, ग्रामण्य सुरू झालं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनीही शेवटी प्रायश्चित्त घेतलं. हायकोर्टात न्यायाधीश होण्याच्या योग्यतेचा माणूस आणि सगळ्या देशाला हलवणारा पुढारी, दोघांनाही एका कप चहाचा जबाब द्यावा लागला.

लक्षात ठेवा, त्या वेळी नावं छापली गेली ती लाज आणण्यासाठी. हा मुद्दा पुढे रत्नागिरीत उलटा होणार आहे.

घाटावरचं हॉटेल आणि महाडचं पाणी

आंबा घाट चढून गेलं की कोल्हापूर. तिथे गंगाराम कांबळे नावाचे गृहस्थ राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी नोकरीला होते. अस्पृश्यांनी शिवू नये अशा पाण्याला हात लावला म्हणून त्यांना इतर नोकरांनी मारहाण केली. महाराजांना कळलं तेव्हा ते भडकले. पुढे गंगारामांनी महाराजांच्या पाठबळावर कोल्हापुरात स्वतःचं चहाचं हॉटेल काढलं. 'सत्यसुधारक' हे त्याचं नाव. साधारण 1920 च्या आगेमागेची ही गोष्ट. सुरुवातीला गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज स्वतः आपली गाडी त्या हॉटेलासमोर थांबवायला लागले, चहा मागवायला लागले आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही घ्यायला लावू लागले. छत्रपतींनी पुढे केलेला कप नाकारणार कोण?

रत्नागिरीचं हॉटेल हे देशातलं असं पहिलंच, असं आपल्याकडे अभिमानानं सांगितलं जातं. अभिमान जरूर बाळगा, पण गंगाराम कांबळ्यांचं नाव विसरू नका. तिथे मालकच अस्पृश्य समाजातला होता, आणि हा फरक मोठा आहे.

दुसरी घटना आपल्या शेजारच्या महाडची. 1923 मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावानं मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा सगळ्यांना खुल्या करण्याचं ठरलं होतं. कागदावर तळं खुलं होतं, प्रत्यक्षात नव्हतं. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातलं. ते पाणी प्यायल्याबद्दल परिषदेला आलेल्या लोकांना मार खावा लागला. अन्नपाण्याच्या प्रश्नावर डोकी फुटत होती, हे आपल्या आजोबांच्या हयातीतलं आहे.

रत्नागिरीत काय झालं

1924 च्या जानेवारीत विनायक दामोदर सावरकरांची येरवड्याहून सुटका झाली ती दोन अटींवर. रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचं नाही आणि राजकारणात भाग घ्यायचा नाही. या अटी 10 मे 1937 पर्यंत राहिल्या. तेरा वर्षं. राजकारण बंद, म्हणून त्यांनी समाजकारण हाती घेतलं. त्यांच्या पुढच्या राजकारणाबद्दल ज्याची त्याची मतं आहेत आणि ती असू द्यावीत. पण या तेरा वर्षांत या गावात काय घडलं ते आपल्या गावाचा इतिहास म्हणून माहीत असायला हवं.

हिंदू समाजाच्या पायात सात स्वदेशी बेड्या आहेत अशी त्यांची मांडणी होती. वेदोक्तबंदी, व्यवसायबंदी, स्पर्शबंदी, समुद्रबंदी, शुद्धिबंदी, रोटीबंदी आणि बेटीबंदी. यातली रोटीबंदी ही रोजच्या जेवणाची बेडी. एकमेकांच्या हातचं खायचं नाही, एका पंगतीत बसायचं नाही.

शाळेत मुलांना सरमिसळ बसवण्यापासून सुरुवात झाली. मग दसऱ्याचं सोनं आणि संक्रांतीचा तिळगूळ घेऊन सगळ्या जातींच्या लोकांनी घरोघरी जायचं. मग स्त्रियांची एकत्र हळदीकुंकवं. 1931 च्या फेब्रुवारीत पतितपावन मंदिर उघडलं. त्याचा सगळा खर्च भागोजीशेठ कीर यांनी केला. कीर भंडारी समाजातले, रत्नागिरीत गरिबीत वाढलेले आणि मुंबईत बांधकामाच्या धंद्यात मोठे झालेले. मंदिराच्या आगेमागेच सहभोजनं सुरू झाली होती.

सहभोजनाला बसणाऱ्यांवर बहिष्काराची टांगती तलवार असायची. घरचे बोलायचे, भटजी यायचे बंद व्हायचे. आणि इथे ती गंमत बघा. सहभोजनाला कोण कोण बसलं त्यांची नावं मुद्दाम वर्तमानपत्रात छापली जात. पुण्यात चाळीस वर्षांपूर्वी नावं छापून माणसांना पेचात धरलं होतं. रत्नागिरीत लोक आपणहून नाव छापू देत होते. 'होय, जेवलो. काय करायचं ते करा.' चार दशकांत एवढा फरक पडला होता.

मग 1 मे 1933 ला रत्नागिरीत 'अखिल हिंदू उपहारगृह' सुरू झालं. जात कुठलीही असो, आत यायचं, बाकावर बसायचं, चहा-फराळ घ्यायचा. आणि चहा देणारा माणूस मुद्दाम महार समाजातला ठेवलेला.

सावरकरांना भेटायला बाहेरगावाहून सारखी माणसं येत असत. त्यांच्यासाठी एक अट होती असं सांगतात. आधी त्या उपहारगृहात जाऊन चहा घ्यायचा, मग भेट. भाषणात टाळ्या वाजवणारे पुष्कळ असतात, कप तोंडाला लावताना माणूस कळतो.

हॉटेल का महत्त्वाचं

मला विचाराल तर मंदिरापेक्षा आणि सहभोजनापेक्षाही हे हॉटेल अवघड होतं. कारणं साधी आहेत.

सहभोजन वर्षातून काही वेळा. त्या दिवशी उत्साह असतो, पुढारी असतात, फोटो असतो. माणूस घरी जाऊन म्हणू शकतो, 'एकदाच बसलो हो, आग्रह पडला.' हॉटेल मात्र रोज उघडतं. तिथे मंगळवारी सकाळी, कुणी पुढारी नसताना, स्वतःच्या खिशातला पैसा काढून चहा प्यायचा. त्याला आग्रहाची सबब नाही.

दुसरं म्हणजे, मंदिरात देव मध्ये असतो, हॉटेलात फक्त कप असतो. तो ज्याच्या हातून आला त्याच्या हाताकडे बघावंच लागतं. आपल्याकडे विटाळाची सगळी भीती अन्न आणि पाणी या दोन गोष्टींभोवती होती, आणि हॉटेलात दोन्ही एकदम असतात.

तिसरं, हॉटेल रस्त्यावर असतं. आत कोण बसलंय ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं. रत्नागिरी तेव्हा केवढी? सकाळी कोण आत बसला होता ते दुपारच्या जेवणापर्यंत त्याच्या सासुरवाडीला कळत असणार. अशा गावात उघड्यावर बसून चहा पिणाऱ्या त्या पहिल्या गिऱ्हाइकांची नावं इतिहासात नाहीत. माझ्या लेखी या गोष्टीतली खरी शूर माणसं तीच. आणि त्यांच्याहूनही शूर तो चहा देणारा. गिऱ्हाइकाला फार तर घरी बोलणी बसली असती. त्याला मात्र रोज उभं राहून बघायचं होतं, की आपल्या हातचा कप समोरचा घेतो की चुळबुळ करतो.

दोन गोष्टी नीट सांगायला हव्यात

कौतुक अर्धवट करू नये म्हणून हेही लिहितो.

एक, हॉटेलचं नाव 'अखिल हिंदू' होतं. रत्नागिरी म्हणजे राजिवडा आणि मिरकरवाडाही. इथला कोकणी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या इथलाच, भाषा आपलीच, सांदण आणि तांदळाची भाकरी त्याच्याही घरातली. तो त्या पाटीत नव्हता. एक दार उघडलं गेलं, हे खरं. दुसरं दार तसंच राहिलं, हेही खरं.

दोन, एकत्र जेवल्यानं जात जाते का? बाबासाहेबांनी 1936 च्या 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या प्रबंधात याचं सरळ उत्तर दिलं. एकत्र जेवणाऱ्या जाती पुष्कळ आहेत, तरी जातीची भावना गेलेली नाही, आणि खरा उपाय आंतरजातीय विवाह, असं त्यांचं म्हणणं होतं. शिवाय कुणीतरी उदार होऊन हॉटेल उघडून देणं वेगळं आणि 'हा माझा हक्क आहे' म्हणून आत जाणं वेगळं. महाडला लोक हक्क म्हणून गेले होते. तिथे कुणी बोलावलं नव्हतं.

तळं आणि हॉटेल एकाच कलमात

पुढे ज्यांनी चवदार तळ्याचं पाणी घेतलं, तेच बाबासाहेब घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. 26 जानेवारी 1950 ला घटना अमलात आली. त्यातलं कलम 15, पोटकलम 2 एकदा वाचा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कुणाला कुठे अडवता येणार नाही याची यादी त्यात आहे. पहिल्या भागात दुकानं, सार्वजनिक उपहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीची ठिकाणं. दुसऱ्या भागात विहिरी, तळी, घाट, रस्ते. म्हणजे हॉटेल आणि तळं लागोपाठ. आपल्या कोकणच्या दोन आठवणी, एक महाडची आणि एक रत्नागिरीची, देशाच्या घटनेत अशा शेजारी शेजारी येतात. आणि या यादीत 'हिंदू' ही अट नाही. राहिलेलं दार कायद्यानं तिथे उघडलं.

1 जून 1955 पासून अस्पृश्यता (गुन्हे) कायदा लागू झाला. त्यात हॉटेलात प्रवेश नाकारणं हा गुन्हा ठरलाच, शिवाय हॉटेल, धर्मशाळा, मुसाफिरखान्यात लोकांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणं हाही गुन्हा ठरला. कायद्यात भांड्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला, यावरून ओळखा तो बाहेर ठेवलेला कप किती ठिकाणी होता.

कायद्याइतकंच काम एस.टी.नं केलं असं मला वाटतं. 1 जून 1948 ला एस.टी. सुरू झाली आणि हळूहळू स्टँडस्टँडवर कँटीन आली. 'गाडी दहा मिनिटं थांबेल' म्हटल्यावर जात विचारायला वेळ कुणाला? गरम वडा, घोटभर चहा आणि पळा. एकाच बाकावर देवरूखचा भटजी, लांज्याचा कुणबी आणि मिरकरवाड्याचा दालदी. तिथे कुणी भाषण केलं नाही, पण काम झालं.

बायकांचं वेगळंच. त्यांना कायदा अडवत नव्हता, नजरा अडवत होत्या. म्हणून हॉटेलांत पडदे लावलेल्या 'फॅमिली रूम' असायच्या. आज दोन मैत्रिणी दुकानातून सुटल्यावर मांडवीला जाऊन बिनधास्त भेळ खातात. तीही याच गोष्टीची पुढची पायरी आहे.

मग आता काय राहिलं?

तर मुद्दा हा, की रत्नागिरीत समता घरात पोचायच्या आधी हॉटेलात पोचली. अनेक घरांत ती अजून वाटेतच आहे.

हॉटेलात आपण कुणाच्याही हातचं खातो. आत स्वयंपाकघरात कोण आहे, नेपाळचा मुलगा आहे, बिहारचा आहे की लांज्याची मावशी आहे, आपण विचारत नाही. मासा ताजा आहे ना, एवढंच बघतो. पण तोच माणूस घरी येतो आणि भाड्यानं खोली देताना आधी आडनाव विचारतो. कामाला येणाऱ्या मावशींचा कप आजही कितीतरी घरांत वेगळा असतो. तो खिडकीत किंवा मोरीच्या कडेला असतो, दांडी तुटलेला, आणि त्या स्वतःच तो धुवून ठेवतात. 'तसं काही नाही हो, आपली सवय' असं आपण म्हणतो. 1933 साली जे कप बाहेर ठेवत होते तेही हेच म्हणत असतील. घटनेचं कलम हॉटेलच्या दारापर्यंत येतं. आपल्या फडताळापर्यंत आपणच जायचं असतं.

एक विनंती. तुमच्या घरात नव्वदीच्या पुढचं कुणी असेल तर आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा. त्या उपहारगृहाबद्दल त्यांनी वडीलधाऱ्यांकडून काय ऐकलं, सहभोजनाला घरातलं कुणी बसलं होतं का, बसल्यावर घरात काय झालं, विचारा. बाहेर उभं राहून चहा प्यावा लागल्याची आठवण ज्या घरांत आहे, त्या घरांतल्यांनीही लिहा. त्या आठवणींशिवाय हा इतिहास अर्धाच राहील. जुना फोटो असेल, वर्तमानपत्राचं कात्रण असेल तर जपून ठेवा, त्याची चांगली प्रत काढून घ्या. पुढाऱ्यांची चरित्रं लिहिली गेली आहेत. बाकावर बसून चहा पिणाऱ्यांची गोष्ट फक्त घराघरांत आहे, आणि ती सांगणारी माणसं आता थोडी उरलीत.

बाकी मिसळीवरून आणि सुरमईवरून भांडत राहूच. एकाच टेबलावर बसून भांडता येतं, हे काही थोडं नाही. घरी गेल्यावर तेवढं फडताळ उघडून बघा.